थुंकलेला घोट

देवमन प्यालेला सापडला होता, असं कोणी म्हणालं की माझं अजूनही टाळकं फिरतं. अरे लेकाच्यांनो, तुम्ही होता काय तिथे? मी होतो. अमरावतीच्या कॅम्पातल्या क्लबात मी बावीस वर्षं कारकुनी केली आणि त्या रविवारी त्याच्यापासून चार हातांवर रजिस्टर उघडून बसलो होतो. देवमननं दारूचा थेंबही घशाखाली जाऊ दिला नाही. हे इथे ठणकावून सांगतो आहे, कारण जिथे सांगायला पाहिजे होतं तिथे माझी दातखीळ बसली होती.

देवमन क्लबातला बेअरर. उंच, हाडकुळा, पांढरा कोट, पितळी बटणं चिंचेनं घासून लख्ख केलेली. इंग्रजांच्या काळात पोरवयात लागला होता. तेव्हा गोरे साहेब टेनिस खेळून यायचे, अर्धवट प्यालेले ग्लास कुठेही ठेवून गप्पा मारत फिरायचे आणि परत येऊन म्हणायचे, माझा तोच भर. कोणाचा कोणता ते ओळखायचं कसं? देवमन ग्लास नाकाशी न्यायचा. चूक झाली की शिवी बसायची, म्हणून नाक शिकत गेलं. वीस वर्षांत ते असं तयार झालं की रिकामा, वाळलेला ग्लास हुंगूनही तो काल यात काय होतं ते सांगायचा.

बाटल्यांवरचं इंग्रजी त्याला वाचता यायचं नाही. त्याची आपली नावं होती. एक गवरीच्या धुराची, एक ओल्या गोणपाटाची, एक डिंकाच्या लाडवाची, एक नुसतीच हळद्या वासाची. साहेब लोक मोठमोठी विशेषणं लावत बसायचे, आणि हा मागे उभा राहून हळूच म्हणायचा, गोणपाटवाली हाये साहेब. बाटली आणून बघावी तर गोणपाटवालीच असायची.

आणि हा माणूस स्वतः पीत नव्हता. छप्पन साली दसऱ्याला बायको पंचफुलेला घेऊन तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि तेव्हापासून जे सोडलं ते सोडलं. त्याआधी सणावाराला घ्यायचा, हे तोच सांगायचा, लपवायचा नाही. रविवारी सकाळी वस्तीत वंदना असायची. देवमन पुढे बसून म्हणायचा आणि बाकीचे मागून म्हणायचे. पाचवं शील, नशापाणी न करण्याचं, आलं की त्याचा आवाज चढायचा. वस्तीतल्या किती घरांतली बाटली त्यानं पाया पडून, भांडून, प्रसंगी कानाखाली देऊन बंद केली, ते त्या घरच्या बायकांना विचारा. क्लबात मी एकदा चिडवलं, की बापा, तू तर दिवसभर त्यातच बुडालेला. तर म्हणाला, "हात लावतो बाबूजी, तोंड लावत नाई."

मग आमच्याकडे दारूबंदी आली. गरिबाची हातभट्टी फुटली आणि साहेबांना परवाने मिळाले. परवाना मिळायचा प्रकृतीच्या कारणानं. या माणसाला औषध म्हणून दारू लागते, असा दाखला सरकारी डॉक्टर देवीदास द्यायचे. अमरावतीतले निम्मे वकील त्या वर्षी एकाएकी आजारी पडले. डॉक्टर स्वतःही आजारीच होते.

गंमत पाहा, माल मिळेनासा झाला तेव्हाच यांचा शौक वाढला. पूर्वी जे मिळेल ते ढोसणारे आता स्कॉचचे जाणकार झाले. क्लबाचे सेक्रेटरी खुशालराव वकील, त्यांनी तर कपाट केलं. मुंबईहून, गोदीतून, विलायतेहून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून एकेक बाटली मागवायची, ती उघडायची नाही, मलमलीच्या फडक्यानं पुसायची आणि पाहुण्यांना दाखवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला क्लबाच्या मागच्या खोलीत मंडळी जमायची. परवाना घरी बसून पिण्याचा होता, क्लबात नव्हे. म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. कागद गुंडाळून नंबर घातलेले पाच ग्लास, प्रत्येकानं चाखून ओळखायचं आणि मी रजिस्टरात गुण मांडायचे. हो, गुण! शाळेतल्या पोरांसारखे. दोन वर्षांत डॉक्टरांना एकदाही पाचातले तीन आले नाहीत. शेवटी देवमनला बोलवायचं. तो पाचही हुंगायचा आणि पाचही सांगायचा. मग सगळे हसायचे, तोही हसायचा.

बासष्टच्या फेब्रुवारीत अकोल्याहून ओमप्रकाश शेठ आले. त्यांचं जिनिंग होतं आणि त्यांच्याकडेही असंच कपाट होतं. अकोल्याचं कपाट मोठं की अमरावतीचं, यावरून खुशालरावांची आणि त्यांची वर्षभर चिठ्ठीचपाटी चालली होती. शेठजींनी सोबत एक बाटली आणली होती, पंच्यात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी. म्हणाले, कापूस कंपनीचा गोरा मॅनेजर सत्तेचाळीसला जाताना देऊन गेला, असली हिंदुस्थानात दुसरी नाही. बूच निघालं. सगळ्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, वा वा केलं. डॉक्टर म्हणाले, अशी मी जन्मात चाखली नाही. खुशालरावांचं तोंड कडू झालं, आणि त्यांनी देवमनला हाक मारली.

देवमननं ग्लास नाकाशी नेला. परत नेला. मग खाली ठेवून गप्प उभा राहिला. मी ओळखलं, याला काहीतरी दिसलंय आणि हा बोलणार नाही. पण खुशालरावही ओळखून चुकले. खरं सांग म्हणाले, माझी शपथ आहे. तेव्हा देवमन शेठजींकडे न बघता म्हणाला, "बाटली जुनी हाये साहेब. आतला माल जुना नाई. वरून भरला कोनंतरी."

शेठजी आधी हसले, मग लाल झाले. म्हणाले, वकीलसाहेब, तुमचा पढवलेला पोपट झकास बोलतो. ज्यानं जन्मात चाखली नाही तो काय सांगणार? एक घोट घेऊन सांगू दे. खुशालरावांना आता अकोल्याची नाचक्की डोळ्यांसमोर दिसत होती. घे रे देवमन, म्हणाले, मी आहे ना. देवमननं हात जोडले. माझा नेम आहे म्हणाला. त्यावर शेठजी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, म्हणजे हा इथेही खोटं बोलतो आणि नेमाचंही खोटंच असणार, मागच्या दारानं रोज ढोसत असेल.

देवमनचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दारू नको हे एक शील, तसं खोटं बोलायचं नाही हेही एक शील. यांनी एकाच वाक्यात त्याची दोन्ही धुळीला मिळवली होती. घोट घेतला तर नेम जातो, न घेतला तर खोटारडा ठरतो. मग त्याच्या डोक्यात एक वाट निघाली, आणि ती वाट त्याच्यासारख्या सरळ माणसालाच सुचावी. घशाखाली गेलं नाही तर प्यालो कसं? त्यानं ग्लास उचलला, एक घोट तोंडात धरला, जिभेवर फिरवला आणि कोपऱ्यातल्या हात धुवायच्या तस्तात थुंकला. मग पाण्यानं खळखळून चूळ भरली, एकदा, दोनदा, तीनदा.

"मी खोटं बोलत नाई," तो म्हणाला. "देशी हाये. साखर जाळून रंग देल्ला."

शेठजी बाटली टेबलावर टाकून तरातरा निघून गेले. त्यांच्या मोटारीचा आवाज गेटाबाहेर गेला आणि आम्ही पोट धरधरून हसलो. खुशालरावांनी देवमनची पाठ थोपटली. मीही हसलो, कशाला लपवू?

अर्ध्या तासात दारूबंदीचे लोक दारात. खबर कोणी दिली ते कधी सिद्ध झालं नाही, आणि सिद्ध न झालेलं मी बोलत नाही.

फौजदारानं विचारलं, इथे काय चाललंय? पाच परवाने टेबलावर आले. खुशालराव उठले आणि कोर्टात बोलतात त्या आवाजात बोलले. बाटल्या आमच्या परवान्यावरच्या आहेत, आम्ही फक्त जमवलेल्या बाटल्या एकमेकांना दाखवायला आणल्या, इथे कोणी पीत नव्हतं. मग हे ग्लास? फौजदारानं ग्लासांकडे बोट केलं. खुशालराव क्षणभर थांबले. तो क्षण माझ्या छातीत अजून रुतून आहे. मग म्हणाले, आम्ही बाहेर व्हरांड्यात होतो, तेवढ्यात या नोकरानं हात मारलेला दिसतो.

देवमन त्यांच्याकडे बघतच राहिला. साहेब, म्हणाला, तुमीच तं...

तपासायला सरकारी डॉक्टर लागतो. डॉक्टर देवीदास तिथेच उभे होते, अशी जन्मात चाखली नाही म्हणणारे. त्यांच्याही तोंडाला वास होताच की, पण त्या वासाला परवाना होता. त्यांनी देवमनला जवळ बोलावलं, तोंड उघड म्हणाले, हुंगलं, आणि ज्या पेनानं पाच जणांना दारूची गरज आहे असं लिहून दिलं होतं त्याच पेनानं लिहिलं, की तोंडाला दारूचा वास येतो. दोन वर्षांत डॉक्टरांचं नाक पहिल्यांदा बरोबर निघालं.

पंचनाम्यावर दोन सह्या लागत होत्या. एक माळ्याचा अंगठा आणि एक माझी सही. तस्त तिथेच कोपऱ्यात होतं. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं. सरकारी वकिलानं विचारलं, आरोपीच्या तोंडाला वास येत होता का? मी म्हणालो, येत होता. ग्लास त्याच्या हातात पाहिला होता का? पाहिला होता. बस, खाली उतरा. थुंकला का, असं कोणी विचारलंच नाही. देवमनला वकील नव्हता, आणि ज्या वकिलांना सगळं ठाऊक होतं ते त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होते. मला दोन पोरी लग्नाच्या होत्या, नोकरी खुशालरावांच्या हातात होती. प्रत्येकाचं काही ना काही असतंच. मी उतरलो तेव्हा देवमन माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, वाट बघितल्यासारखा. अजून काही सांगतील बाबूजी, असा.

महिनाभर तो आत होता. नोकरी गेली. ती तर जाणारच होती. पण सुटल्यावर वस्तीत पहिल्या रविवारी तो वंदनेला पुढे बसायला गेला, तर तिथे दुसरा बसलेला. ज्यांच्या बाटल्या यानं फोडल्या होत्या तेच आता म्हणत होते, दुसऱ्याले शिकवते न् सोताच पेते. तो सांगत सुटला, मी थुंकलो होतो म्हणून. लोक हसले. थुंकायला कोणी दारू तोंडात घेतं होय? बशीर मियाँ, आमचा बिलियर्डचे गुण मांडणारा मार्कर, हे मला सांगत होता आणि मी रजिस्टरावर रेघा ओढत होतो. पुढे दोन वर्षांत कायदाही ढिला झाला. मागच्या खोलीच्या खिडक्या उघड्या राहू लागल्या. ओमप्रकाश शेठ आणि खुशालराव परत गळ्यात गळे घालून बाटल्या पुसू लागले.

देवमन पंचफुलेच्या माहेरी, चांदूर बाजारला गेला आणि लाकडाच्या टालावर, वखारीत, कामाला लागला. सदुसष्टच्या बुद्धपौर्णिमेला क्लबाच्या कामानं मी त्या गावी गेलो होतो. पाय आपोआप वस्तीकडे वळले. विहाराच्या मांडवात वंदना चालू होती. देवमन सगळ्यात मागे, खांबाला टेकून. केस पांढरे झाले होते. मी बाहेर उभा राहून ऐकलं. पहिली चार शीलं तो सगळ्यांबरोबर म्हणाला. पाचवं आलं आणि त्याचे ओठ मिटले.

वंदना संपल्यावर त्यानं मला पाहिलं. धावत आला, पाणी आणवलं, पोरींची लग्नं झाली का विचारलं. मी मान खाली घालून विचारलं, पाचवं का म्हणत नाहीस?

"म्हटलं तं पोरं हासतात," तो म्हणाला. "इथंबी समद्याइले ठाऊक हाये. मी पेलो नाई हे मले ठाऊक न् तुमाले ठाऊक. बाबूजी, लोक अजून बसून हायेत. तुमी उभं राहून एक डाव सांगजा. देवमननं थुकलं होतं, इतकंच. मंग मी मरेपर्यंत काई मांगनार नाई."

पंचफुला मागे पदर धरून उभी होती. मांडवात शंभरेक माणसं होती, लाडू वाटणं चाललं होतं. मांडव माझ्यापासून दहा पावलांवर होता. मला माझी सही आठवली. मी बोललो तर लोक विचारतील, मग तेव्हा तुम्ही कुठे होता? खुशालराव तेव्हा क्लबाचे अध्यक्ष झाले होते आणि माझ्या नोकरीला दोन वर्षं उरली होती.

मी म्हणालो, देवमन, पुढल्या खेपेला नक्की. आता माझी एस.टी. चुकेल.

तो म्हणाला, "व्हय, व्हय. गाडी चुकू नका." आणि स्टँडापर्यंत माझी पिशवी धरून आला.

पुढली खेप आली नाही. पुढच्या वर्षी थंडीत तो गेला. पंचफुलेनं पत्र पाठवलं नाही, मला बशीरकडून कळलं.

त्या दिवशी मी गाडीत बसलो तेव्हा उन्हं नुकतीच कलली होती. अमरावतीला जाणारी दुसरी गाडी तासाभरानं होती. मला ते ठाऊक होतं, आणि त्यालाही.