सांगायचं राहिलं नव्हतं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आई गेली, तिलाही नव्हतं. आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते माझे मामा आजही धडधाकट आहेत, भिवंडीजवळ मानकोलीला रोज सकाळी पडवीत पेपर वाचत बसतात — त्यांना तर नाहीच नाही. तुम्ही पहिले. तुम्हीच का? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आधी माझा स्वभाव सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला उत्साहाचं भरतं येतं. कामगारांची अपघात-भरपाई म्हटलं की लोकांना जांभया येतात. मी मात्र जेवता जेवता ताटावरून उठून बोलायला लागते. माणसाचं बोट जातं, तेव्हा त्या नुकसानीचा भार कुणी उचलायचा — त्यानं स्वतः, मालकानं, विमा कंपनीनं, की आपण सगळ्यांनी मिळून? याहून थरारक प्रश्न असतो का? मला तर अजून सापडलेला नाही. हे शिकवताना माझ्या हातातले खडू तुटतात. मुलं हसतात. हसू देत.

हे वेड लागलं ते भिवंडीतच, निजामपुऱ्यातल्या मामांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात. मी पीएचडी करत होते. लूमवर धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं शटल कधीकधी उडून बाहेर येतं — टोकाला लोखंड असलेला तो लाकडी तुकडा गोळीसारखा सुटतो. ते अडवायला पुढे एक सळई बसवतात, तिला सगळे गार्ड म्हणतात. पण शटलमधली धाग्याची कांडी बदलताना ती आडवी येते, काम मंदावतं, म्हणून काढूनही ठेवतात. मामांच्या कारखान्यात गार्ड काढलेले होते. गल्लीच्या पलीकडे, अगदी समोरच्या कारखान्यात, ते जागेवर होते. तशाच लूम, तसेच कारीगर, मजुरीही तीच. फरक फक्त एका सळईचा! माझ्यासारखीला याहून काय हवं असतं? माझे गाइड म्हणाले होते की तिथलं काही हलवू नकोस, नुसतं बघ. त्या दिवसांत मला झोप लागत नसे — आनंदानं.

मी स्टूल टाकून बसायची. इद्रीस नावाचा कारीगर होता, माझ्याहून थोडा मोठा, मला दीदी म्हणायचा. खटखटाटात बोलायचं म्हणजे कानाशी ओरडावं लागायचं, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत मला गल्लीत घेऊन गेला. गुरुवार होता. भिवंडीत कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, आणि मिस्त्री दुरुस्तीला येतो तोही शुक्रवारीच, लूम बंद असतात तेव्हा. इद्रीस म्हणाला, "बगलवाली लूम का शटल दो बार उड़ चुका है, दीदी. हम बोलेंगे तो सेठ समझेंगे काम से जी चुराते हैं. आप भांजी हो, आपकी सुनेंगे. कल मिस्त्री आएगा, गार्ड लगवा दो."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं का? त्या क्षणी बहुधा मनापासूनच.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी मामांकडे जेवायला गेले. मामींनी खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. माझे मामा म्हणजे काय माणूस सांगू? शेती आणि खाडीवर वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेला, पण भाचीच्या पीएचडीचं कौतुक साऱ्या मानकोलीला ऐकवणारा. ती काय शोधते हे त्यांना कळत नव्हतं. आपल्या कारखान्यात शोधते एवढं पुरे होतं. आणि — इथंच माझा हात अडतो बघा — त्यांनी स्वतः विचारलं. भाकरी वाढता वाढता विचारलं.

"काय गो बाय, कारखान्यान समदं बरोबर हाय ना? काय पायजे-बियजे तं सांग."

मी विसरले नव्हते. लाजलेही नव्हते. इद्रीसचं बोलणं माझ्या जिभेवर होतं. पण त्याच क्षणी मला समोरासमोरचे दोन कारखाने दिसले, दोन्हीकडे गार्ड बसवलेले — मग फरक कशातला मोजू? माझा इतका सुंदर विषय एका दुपारी मोडीत निघाला असता. थोडे महिने जाऊ देत, मग सांगू, असं मी ठरवलं. इतकं सोपं होतं ते. मी म्हटलं, सगळं बरोबर आहे मामा. आणि आणखी कालवण घेतलं.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या लूमचं शटल उडालं आणि इद्रीसच्या डाव्या डोळ्यात बसलं.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. थांबा. त्याला रिक्षात घातलं, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर, माझी ओढणी लालभडक — आणि माझ्या मनात काय होतं? भीती होती, दया होती, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्याही आधी एक उसळी आली. आता मला हे पहिल्या तासापासून बघायला मिळणार! डॉक्टर, मालक, वकील, अपंगत्वाचा दाखला, भरपाई — अख्खी वाट, सुरुवातीपासून! असं कुणाच्याच हाती लागलेलं नव्हतं. मला आनंद झाला. तो माणूस माझ्या खांद्यावर विव्हळत होता आणि मला आनंद झाला.

दवाखान्यात पट्टी बांधल्यावर त्यानं एवढंच विचारलं, सेठला सांगितलं होतं का? मी म्हटलं, "कहा था."

डोळा गेला. मामांनी उपचार करवले, विमा नसल्यामुळे भरपाईही स्वतः दिली, एका शब्दानं कुरकूर न करता. पण इद्रीस त्यांच्याकडे परत आला नाही. रस्त्यात दिसले तर मान फिरवायचा. सांगूनही गार्ड न बसवणाऱ्या सेठला कोण सलाम करणार? हळूहळू बाकीचे कारीगरही पांगले. मामा मला विचारायचे, मी तर त्याचं सगळं केलं, मग तो असा का वागतो? मी म्हणायची, दुःखात माणूस असाच वागतो मामा. शेवटी त्यांनी लूम विकल्या.

आणि माझं? माझं सोनं झालं. त्या एका डोळ्यावर माझा प्रबंध उभा राहिला, मग नोकरी, मग समित्या. कारीगराला मालकाच्या दारात उभं राहावं लागू नये, विम्यातूनच भरपाई मिळावी, यासाठी मी जिवाचं रान केलं; ते खोटं नव्हतं. वर्गात मी एक तत्त्व फार रंगून शिकवते — ज्याला अपघात सगळ्यात सहज टाळता आला असता, भार त्याच्यावर टाकावा. मुलं विचारतात, असा माणूस ओळखायचा कसा? मी फळ्यावर मालक लिहिते, कारीगर लिहिते, मिस्त्री लिहिते, लूम बनवणारा लिहिते. मामांच्या पंगतीला बसलेल्या भाचीचं नाव मी कधीच लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या समितीची विमा योजना लागू झाली आणि मामांच्या गावानं माझा सत्कार केला. हॉल भरलेला, मी हरखून गेलेली! पहिल्या रांगेत मामा, पांढरी टोपी, हातात काठी. आयोजकांनी इद्रीसलाही बोलावलं होतं. तो माइकवर आला आणि म्हणाला, "दीदी ने तो सेठ को पहले ही बोला था. सेठ ने सुना नहीं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी हात जोडले.

मामा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही — काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे. परतताना गाडीत म्हणाले, "बाय, तू सांगलं असशील. माझ्याच ध्यानान न्हाय ऱ्हायलं."

तेव्हा तरी बोलायचं ना? गाडीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "हो मामा. सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली. घरी गेल्यावर मामींना म्हणाले की इद्रीसच्या घरी जाऊन त्याची माफी मागायला पाहिजे. शुक्रवारी जाऊ, सुट्टीचा घरीच भेटेल. शुक्रवारी ते धुतलेली टोपी घालून तयार बसले. निजामपुऱ्याच्या तोंडापर्यंत मीच त्यांना सोडलं. काठी टेकत ते गल्लीत शिरले, आणि मी काच वर करून गाडीतच बसून राहिले.