रशीद सरखोतांची वीस मिनिटं

रशीद सरखोत मूळचे रेवदंड्याचे. घरातले बाकीचे पुरुष आखातात गेले, हे मात्र मुंबईलगतच्या एका शहराच्या पाणीखात्यात कॉम्प्युटरवर लागले. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि कधी बंद करायचा, याचा कागद तिथे रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्यांच्या हातात पडे. तो छापणारा प्रोग्राम रशीदभाईंनी एकट्यानं लिहिला आणि तीस वर्षं एकट्यानंच सांभाळला. निवृत्त होऊन गावी आले, नारळी-सुपारीत रमले, आणि दोन वर्षांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं-लिहिणंही गेलं. समजायचं मात्र सगळं. सांगायला गेले की भलताच शब्द यायचा, नाहीतर काहीच यायचं नाही.

खात्याची जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचं काम एका कंपनीला मिळालं. तिथली इंजिनिअर हेमाली. तिनं फोन केला तेव्हा रशीदभाईंच्या बायकोनं, झुबेदानं, स्पष्ट सांगितलं, "ये पोरी, पण ते बोलत न्हाईत."

हेमाली तरीही आली. पडवीत रशीदभाईंच्या शेजारी बसून तिनं लॅपटॉप उघडला.

"चाचा, बाकीचं सगळं आम्हाला उलगडलं, बिनकामाच्या वाटल्या त्या ओळी काढूनही टाकल्या. ही एक ओळ कळत नाही. पाणी एक दिवस बंद राहिलं, की दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या टाकीचा दुसरा व्हॉल्व्ह वीस मिनिटं उशिरा उघडायचा. का? कुठेच लिहिलेलं नाही. खात्यात विचारलं तर म्हणाले, तिथली जुनी पाइपलाइन कधीच बदलली, काढून टाका."

रशीदभाईंनी ओळ बघितली आणि ते ताठ झाले. पाइपलाइन कागदावर पूर्ण बदलली होती. प्रत्यक्षात ठेकेदारानं वरचा अर्धा भाग बदलला आणि खाली, टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीच्या पोटातून जाणारा बिडाचा पाइप तसाच ठेवला. पाणी बंद असताना त्यात हवा भरायची. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडले तर कोंडलेल्या हवेनं पाइप फुटायचा; दुसरा वीस मिनिटं थांबवला तर तेवढ्यात हवा निघून जायची. एका म्हाताऱ्या चावीवाल्यानं त्यांना तिथे उभं करून पाइपातून निघणाऱ्या हवेची सूं-सूं ऐकवली होती. त्याच दिवशी त्यांनी ती ओळ घातली. कारण मात्र लिहिलं नाही. आपण आहोतच की, असं तेव्हा वाटलं होतं.

"चा... चावी," ते म्हणाले. "चावी. चावी."

झुबेदानं कपाटाची चावी आणून हातात दिली. त्यांनी ती फेकली. डाव्या हातानं हेमालीच्या वहीत एक उतरती रेघ काढली, खाली चौकोन काढले.

"टाकी? ही घरं का, चाचा?"

त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मग हवा कशी दाखवावी सुचेना, म्हणून गाल फुगवून फूऽऽ करून सोडले. पुन्हा फुगवले, पुन्हा सोडले. चेहरा लालबुंद झाला.

"या अल्ला! दम लागलाय त्यांना," झुबेदा घाबरली. "बस कर आता पोरी. हात जोडते."

रशीदभाईंनी डाव्या हातानं हेमालीची ओढणी घट्ट धरली. तिनं हळूच सोडवून घेतली. "सॉरी चाचा, मी उगाच त्रास दिला," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. रिक्षा वळेपर्यंत ते पडवीतून ओरडत राहिले, आणि ओरडण्यात शब्द एकही नव्हता.

त्यानंतर आठवडाभर ते जेवणावर रुसले. झुबेदा रोज विचारायची, "काय सांगायचं होतं? मला तरी दाखवा." ते गाल फुगवायचे. ती पाण्याचा ग्लास पुढे करायची.

नवी यंत्रणा एक तारखेला सुरू झाली, ती ओळ वगळून. महिन्याभरानं दुरुस्तीसाठी एक दिवस पाणी बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीखालचा पाइप फुटला. सात घरांच्या भिंती वाहून गेल्या. सत्यवती नावाच्या एका बाईचा पाय दगडाखाली चिरडला, तो कापावा लागला.

दुपारी हेमालीचा फोन आला. झुबेदानं स्पीकर लावून तो नवऱ्यापुढे धरला.

"चाचा, हवा होती ना आत? तुम्ही हवा दाखवत होतात."

रशीदभाईंनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं.

"हो म्हणतायत," झुबेदा म्हणाली.

पलीकडून हेमाली म्हणाली, "चाची, त्यांना एवढंच विचारा. अशा आणखी किती ओळी त्यांनी घातल्या होत्या? आम्ही कितीतरी काढून टाकल्यात."

रशीदभाईंनी डावा हात वर केला. पाच बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. झुबेदानं तीसपर्यंत मोजलं, पुढे तिची गडबड झाली. ते खरंच मोजतायत, की नुसताच हात हलतोय, हेही तिला कळेना.

"बऱ्याच हायत गं," ती फोनमध्ये म्हणाली. हात अजून उघडत होता, मिटत होता.