जुना जावा आणि काकीच्या सुनेची सुपं

गणपती जवळ आले की आमच्याकडे घर आवरायला काढतात. माळ्यावरचं खाली येतं, खालचं अंगणात जातं आणि कशालाच हात न लावणारा माणूस आळशी ठरतो. दरवर्षी तो मी असतो. यंदा मान ताठ ठेवायची म्हणून मी कॉम्प्युटर आवरायला घेतला.

त्यात जावाच्या तीन आवृत्त्या निघाल्या: आठ, अकरा आणि सतरा. जावा स्वतः काही करत नाही, पण त्याच्या जिवावर दुसरे प्रोग्राम चालतात. माझा शाळेच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम सतरावर छान चालत होता. मग जुन्यांचं काय काम? आठ आणि अकरा काढून टाकले, हात झटकले आणि चहा मागितला.

दुपारी बायको भरतकामाच्या मशीनपाशी बसली. नक्षी ती कॉम्प्युटरवर काढते आणि पेनड्राइव्हने मशीनला देते. शेजारच्या काकीच्या नव्या सुनेचा पहिला ओवसा होता. फळं-भाज्यांनी भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची, आणि त्या सुपांवर झाकायला सुनेचं नाव भरलेले रुमाल हवे होते, गौर घरात यायच्या आत. "सगल्या आळीला दाखवनार हाय," असं काकी बजावून गेली होती.

नक्षीचा प्रोग्राम उघडेना.

"अहो, तुम्ही काही केलंत का ह्याला?"

"मी? छे. लाइटचं काहीतरी असेल."

प्रामाणिकपणावर मुलांना निबंध लिहायला लावणारा माणूस हे बोलला, तोही डोक्यावर पंखा गरगरत असताना. बायकोने आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला कबूल करावंच लागलं: जुनं होतं, म्हणून काढलं.

"मिक्सर आणला तेव्हा मी पाटा फेकला का? पुरण मिक्सरात वाटलेलं चालतं का तुम्हाला?"

चालत नाही. पुरण पाट्यावरचंच हवं, असा हट्ट धरणारा घरात मीच.

पडद्यावर तिचा प्रोग्राम आठ मागत होता, म्हणून मी घाईघाईने इंटरनेटवरून जावा आठ उतरवून घेतला. प्रोग्राम तरीही उघडेना. मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरून, आधी आठच वापर, असं त्याला बजावलं. त्याने आज्ञा पाळली आणि माझं वेळापत्रकही बंद पाडलं. आता घरात दोघंही बेकार.

"मशीनबरोबर सीडी आली होती ना?" बायको म्हणाली. "ड्रॉवरात जपून ठेवली होती मी."

गेल्या वर्षीच्या आवराआवरीत ती सीडी मीच पेरूच्या झाडाला टांगली होती. चमकली की पोपट येत नाहीत, म्हणून.

भर पावसात स्टूल घेऊन मी झाडाखाली उभा राहिलो. काकी ओटीवरून बघत होती. "मास्तर, पेरू अजून कच्चे हायत!"

तिच्याच सुनेच्या रुमालांसाठी मी भिजतोय, हे सांगायचं धैर्य झालं नाही. मी हसलो आणि एक कच्चा पेरू तोडलासुद्धा.

सीडी चालली नाहीच. वर्षभर ऊनपाऊस खाऊन आणि पोपटांची विष्ठा झेलून ती चालणार तरी कशी? पण पुसल्यावर तिच्यावरची बारीक छपाई वाचता आली: जावा आठ, बत्तीस बिट. आठातही दोन जाती असतात, आणि मी चौसष्ट बिटवाला घातला होता. पोपटांना वर्षभर दिसत होतं ते मला आत्ता दिसलं.

बत्तीस बिटवाला आठ घातला. तिच्या प्रोग्रामला आठचा रस्ता दाखवला, माझ्या प्रोग्रामला सतराचा, आणि कॉम्प्युटरच्या त्या सेटिंगला पुन्हा हात लावायचा नाही अशी स्वतःला ताकीद दिली. मशीन खडखड करत पहिलं अक्षर भरू लागलं.

गौरीच्या दिवशी काकीची सून रुमाल झाकलेली सुपं घेऊन आळीतून गेली. संध्याकाळी काकी हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या घेऊन आली.

"काय नाव भरलंस गो! सगल्या बाया इचारतात."

"कॉम्प्युटर अडला होता काकी, ह्यांनी चालू करून दिला," बायको म्हणाली. तो कुणी अडवला, हे तिने सांगितलं नाही. मी सांगणार होतो, पण तोंडात पातोळी होती. ती मी जरा जास्तच वेळ चावली.

"मंग मास्तर, आमचा पन साफ करून द्या की. पोरगा बोलतो, लय जुनं भरलंय त्यात."

"नको हो काकी," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांना आधी पाटा धुवायचाय."

मी उठलो आणि पाटा धुतला.