कोरड्या तळ्यातली वस्ती

माझी आत्या सूतगिरणीत माळीकाम करायची; सगळी गिरणी तिला आत्याच म्हणायची. झाडांशी गोड बोलायची आणि माणसांवर खेकसायची. उलटं झालेलं मी तरी कधी पाहिलं नाही. मी त्याच गिरणीत पॅकिंगला होते. त्यामुळे तिचं खेकसणं मला घरी आणि कामावर, दोन्हीकडे मिळायचं.

गिरणीच्या मागे एक खोलगट जागा होती. चार महिने तळं, आठ महिने भेगाळलेली माती. ट्रक उभे करायला तिथे काँक्रीट टाकायचं ठरलं. नियम असा की, आधी पाहणीच्या साहेबांनी जागेवर येऊन इथे कुठलाही जीव राहत नाही असं लिहून द्यायचं. साहेब आले ऐन उन्हाळ्यात. भेगा बघून त्यांनी तयार कागदावर सही करायला पेन काढलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "खाली बेडूक झोपलेत. पाणी आटलं की मागच्या पायांनी माती उकरत खाली जातात. मातीतली ओल कातडीनंच पितात आणि पाऊस येईपर्यंत उपाशी पडून राहतात. वर काँक्रीट टाकलंत, तर सगळे जिवंत गाडले जातील."

साहेब हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "उद्या बारापर्यंत दाखवा," एवढंच म्हणाले.

आत्याने खुरपं घेतलं. संध्याकाळपर्यंत सात खड्डे झाले आणि सातही रिकामे. यंदा ओल खोल गेली होती आणि तिच्यामागे बेडूकही. खुरप्याला कुठे सापडणार? मॅनेजर कठड्यावरून ओरडले, "आत्या, डोंगर पोखरला की उंदीर तरी निघतो हो!" सगळे खो खो हसले. मला तिची लाज वाटली. खरं सांगते, मी तिच्यासमोरून न जाता मागच्या दाराने घरी गेले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सकाळी रोलर आला. माती दाबताना थरथरणारा, अजस्र. साहेबही आले. आता आत्या रोलरसमोर आडवी पडणार, या धास्तीने मी काम टाकून धावले. ती तर चक्क रोलरवाल्याशी गोड बोलत होती!

"दादा, पुढे नको जाऊस. इथे काठावरच उभा राहा आणि मशीन नुसतं थरथरू दे."

"कशाला?"

"गेल्या उन्हाळ्यात इथे जनरेटर ठेवला होता. त्याच्या हादऱ्यानं भर उन्हात दोन बेडूक वर आले होते. पाऊस आपटला की जमीन हादरते ना, तसंच वाटलं असणार त्यांना."

"मशीन तुझं नाही, डिझेल तुझं नाही," मॅनेजर करवादले.

"वेळ माझी आहे. बाराला अजून अवकाश आहे," आत्या म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. रोलर घरघरू लागला. पायाखालची जमीन थरथरली, माझे दात वाजले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. मॅनेजर घड्याळ बघून हसत होते. आत्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ती डोळ्यांची पापणीही हलवत नव्हती.

मग भेगेजवळचं ढेकूळ हललं. मातीतून एक बोथट नाक आलं, मग दोन फुगीर डोळे. साहेबांच्या बुटाजवळ दुसरा. पलीकडे तिसरा, चौथा. कोरड्याठाक जमिनीला बेडूक फुटत होते! मॅनेजरांचा 'आ' तसाच राहिला. मी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत नाचले.

"बंद कर, दादा! उन्हात मरतील!" आत्या झारी घेऊन धावली. माती ओली होताच बेडूक मागच्या मागे, ढुंगणाकडून, परत जमिनीत शिरू लागले.

साहेबांनी कालचा कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं, काँक्रीट टाकू नये. मग पेन थांबवून विचारलं, "आत्या, एकोणीस मोजले मी. एवढेच आहेत?"

आत्याने झारी खाली ठेवली.

"छे हो," ती म्हणाली. "हे तर नुसते कच्च्या झोपेचे."