उंच केलेली जीप

जीप उंच करून घेताना वडिलांच्या अधू पायाचा विचार माझ्या मनात आलाच नाही, ही चूक सर्वस्वी माझी. गंजलेल्या नटांवर ओतलेल्या रॉकेलचा वास आला, की अजून ते सगळं आठवतं. शेताच्या वाटेवरच्या नाल्यात आमची जुनी जीप खालून घासायची, म्हणून मी चिखलीच्या मिस्त्रीकडून चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा लोखंडी पाटे घालून ती चांगली सहा बोटं उचलून घेतली. अमडापूरच्या बाजाराला निघताना वडिलांनी नेहमीसारखा हाताने धरून पाय उचलला, पण तो पायरीपर्यंत पोचेना. सोबत निघालेल्या माझ्या मित्रांनी हसत हसत त्यांना उचलून आत ठेवलं. "मले कापसाचं गाठोडं समजता का बे?" ते म्हणाले. सगळे आणखीच हसले, आणि मी बोलून गेलो, "जमत नसंल तं घरीच बसत जा न, बाबा." ते खरंच घरी बसले. बाजार सुटला, शेत सुटलं, बोलणंही कमी झालं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खाट धरली, तेव्हा मी स्वतः रॉकेल ओतून नट सोडवले, जादा पाटे काढले आणि जीप दाराशी लावली. त्यांना धरून बाहेर आणलं. पायरीवर हात ठेवून ते म्हणाले, "आता पुरला असता पाय." पण तो जमिनीवरून हललाच नाही. आज माझेही गुडघे धरतात, आणि त्या दिवशी जीपपाशी त्यांचा हात धरून जे म्हणालो, ते किती उशिरा म्हणालो हे रोज कळतं: "मले माफ करा, बाबा. म्या नाला पाह्यला, तुमच्याकडं पाह्यलंच नाही."