पुस्तक धरायची तऱ्हा

अमडापूरच्या बाजारापलीकडे एक छोटं वाचनालय आहे. तिथे बाजाराच्या दिवशी एक बाई यायच्या. पन्नाशीच्या असतील. भाजीची पिशवी दाराशी ठेवून पदराला हात पुसायच्या आणि थेट कोपऱ्यातल्या कपाटाकडे जायच्या. मी खिडकीशी पेपर वाचत बसलेला असे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण त्यांची पुस्तक धरायची तऱ्हा मला कोड्यात टाकायची. पुस्तकाची पाठ तळहाताखाली अशी गच्च दाबलेली, जणू आतून काही सांडेल.

एकदा पुस्तकं नोंदवायला आम्ही मागेपुढे उभे होतो. मला राहवलं नाही. "ताई, पुस्तक असं काऊन धरता?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मग हात बाजूला केला. खाली वाचनालयाचं लेबल होतं : 'नवसाक्षरांसाठी'.

"आतली गोष्ट विहिरीची हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकावर आत काय हाय ते लिवलं. माह्या पुस्तकावर वाचनारं कोन हाय ते लिवलं. मले वाचता येते, हे साऱ्या गावाले दाखवीन. आधी येत नव्हतं, हे काऊन दाखवू?"

माझ्या पुस्तकावर नुसतं 'प्रवासवर्णन' होतं.

घरी जाताना आठवून पाहिलं, मी पुस्तक कसं धरतो? काही केल्या आठवेना. तिकडे लक्ष द्यायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती.