आत्याने दिलेला इंटरव्ह्यू

माझी नोकरी गेली, हे मला लॅपटॉपने सांगितलं. सकाळी पासवर्ड टाकला, तर म्हणे चुकीचा. तीनदा टाकून पाहिला. मग साहेबांना फोन लावला, तर साहेबांचाही पासवर्ड चुकीचाच निघाला!

पुण्याची भाड्याची खोली सोडून मी मध्य प्रदेशात, देवासला आई-बाबांकडे आलो. “दोन-तीन महिन्यांत होईल काहीतरी,” असं सांगून आलो होतो. त्याला सोळा महिने झाले. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस; गल्लीतले लोक विचारायचे, “भिया, प्रिंटर सुधारता का?” अर्जांना उत्तरं येत नव्हती. आई मात्र दर मंगळवारी टेकरीवर जाऊन देवीला माझा बायोडेटा ऐकवून यायची (अनुभवाची दोन वर्षं ती पदरची घालते, असा मला संशय आहे).

शेवटी एका कंपनीचे दोन राउंड पार पडले. तिसरा आणि शेवटचा गुरुवारी अकराला ठरला. आईने आनंदाच्या भरात धारला राहणाऱ्या आत्याला फोन केला, “वन्सं, मिलूचं गुरुवारचं पक्कं झालं!”

पक्का झाला होता इंटरव्ह्यू. आत्याने ऐकली नोकरी!

गुरुवारी साडेदहाला दारात गाडी थांबली. गाडीतून आत्या उतरली, तीन शेजारणी उतरल्या, चौरंग उतरला, केळीचे खांब उतरले आणि सगळ्यांत शेवटी गुरुजी.

“अहो वन्सं, हे काय?” आईने विचारलं.

“काय म्हणजे? मिलूला नोकरी लागली की सत्यनारायण करीन, असं बोलले होते मी! आणि वहिनी, आधी चहा टाक. सोळा महिने चहा सोडला होता याच्यासाठी. सकाळपासून दोन कप झाले, तरी जीव भरत नाही!”

आईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी भिंतीकडे. खरं सांगायची हिंमत तिघांपैकी एकातही नव्हती. त्यात गुरुजींची घाई, “बसा बसा, जल्दी! संध्याकाळी बदनावरला दुसरी पूजा आहे.”

“तुझं आटपू दे, मग सांगू,” बाबा कुजबुजले आणि आईला घेऊन मुकाट्याने चौरंगासमोर बसले.

मी आतल्या खोलीचं दार लोटलं (कडी तुटलेली. सोळा महिने रिकामा असून मी ती बसवली नव्हती!). लॅपटॉपच्या पडद्यावर दोन साहेब आणि एक मॅडम. मॅडम मराठी निघाल्या. पहिलाच प्रश्न, “हे मधले सोळा महिने काय करत होतात?”

“फ्रीलान्स कन्सल्टिंग!” मी ठणकावून सांगितलं. “भरपूर क्लायंट होते.”

बाहेर शंख वाजला आणि दार उघडलं. आत्या कुंकू-अक्षता घेऊन आत! माझ्या कपाळाला टिळा लावून झाला. मग तिला पडद्यावरची माणसं दिसली. तिने लॅपटॉपलाही टिळा लावला आणि हात जोडले.

“नमस्कार साहब! आपने हमारे मिलू को नोकरी दी, बड़े उपकार हो गए!”

पडद्यावरचे तिघेही थिजले.

“पण आत्या,” मॅडम सावरून म्हणाल्या, “हे तर फ्रीलान्स काम करत होते ना?”

“ते काय असतं मला नाही ठाऊक. घरीच होता हो! भाजी आणतो, कुकर लावतो. वहिनीचे गुडघे दुखतात, तर कपडेसुद्धा हाच वाळत घालतो. आणि रोज अर्ज करतो. नाही म्हणतात, हा परत करतो. एक दिवस चुकवला नाही पोराने!”

“आत्या, आम्ही नोकरी अजून दिलेली नाही. फक्त प्रश्न विचारतोय.”

आत्याच्या मुठीतल्या अक्षता खाली सांडल्या. “म्हणजे... लागली नाही?”

“नाही गं,” मी म्हणालो.

“आणि मी दोन कप चहा प्यायले!” ती मटकन पलंगावर बसली.

आता ही रडणार, असं वाटलं. पण ती पदर खोचून उठली. “असू दे. आजपासून परत सोडला!” आणि बाहेर जाऊन ओरडली, “गुरुजी, थांबा! लागली म्हणून नाही, लागावी म्हणून!”

“अहो बाई, संकल्प सोडून झालाय!”

“मग परत सोडा!”

हे सगळं पडद्यावरच्या तिघांना स्वच्छ ऐकू गेलं. एक साहेब रुमालात तोंड घालून हलत होते.

“मॅडम,” मी म्हणालो, “क्लायंट एकही नव्हता.”

“कळलं ते,” त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी तासभर कामाचं विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. मग प्रसाद खाल्ला आणि आशा सोडून दिली.

तीन आठवड्यांनी मेल आला. नोकरी मिळाली होती! आधी मी, मग आई, मग बाबा, असे आम्ही तिघांनी तो आळीपाळीने वाचला. विश्वास कुणाचाच बसेना.

धारमध्ये आत्या आता सगळ्यांना सांगते, की इंटरव्ह्यू तिने दिला आणि नोकरी मला लागली. मी ते खोडून काढत नाही. तिन्ही राउंड मिळून मी जेवढं खरं बोललो, त्याहून जास्त खरं ती दोन मिनिटांत बोलून गेली होती!